पाठ टेकली न्हाय

आमच्या शिवाजी पेठेतल्या तालमीत मालिश करणारे वस्ताद बोलतात कमी, चोळतात जास्त. मागचे पाय लुळे पडलेलं, खरजेनं सोललेलं कुत्रं कुणीतरी तालमीच्या दारात टाकून गेलं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "आशा धरू नका."

"पाठ टेकली न्हाय अजून," वस्ताद म्हणाले. कुस्तीच्या नियमाने कुत्रं हरलेलं नव्हतं.

खरजेवर डॉक्टरांचं औषध, पायांना पैलवानाची मालिश, असे दोन महिने गेले. मग एक पुढारी शाल आणि फोटोग्राफर घेऊन वस्तादांच्या सत्काराला आले.

"शाल ऱ्हाऊ दे, पावणं. ह्याची कंबर धरा."

पुढाऱ्यांनी नाक मुरडत कंबर धरली, मग सोडली. कुत्रं काही क्षण थरथरत उभं राहिलं आणि कोसळलं. मी हळहळलो.

"काल धा मोजस्तवर हुबं हुतं, आज पंधरा," वस्ताद म्हणाले. "उद्याबी या, पावणं. कंबर धराय माणूस लागतंय."