सॉफ्टवेअरला बांधलेल्या चिठ्ठ्या

मी तिसरी पास. चौथीच्या परीक्षेला बसलोच नाही, म्हणून आयुष्यात नापास कधी झालो नाही, हे मी सगळ्यांना सांगतो.

भिवंडीजवळच्या शेलार गावात, कापडाच्या एका कारखान्यात मी तीसेक वर्षं जॉबर होतो. जॉबर म्हणजे लूम, म्हणजे यंत्रमाग, बसवणारा आणि बिघडली तर नीट करणारा. कापडाच्या काठाला नक्षी पाडायची तर लूमवर डॉबी बसवतात, आणि त्या डॉबीवर लाकडी पट्ट्यांची साखळी फिरते. पट्टीत खुंटी असेल तिथं धाग्यांची फ्रेम वर, भोक मोकळं असेल तिथं खाली. एका नक्षीला एक साखळी. या साखळ्या माझ्या ताब्यात असायच्या आणि प्रत्येकीला मी तारेनं चिठ्ठ्या बांधायचो.

मला लांबलचक लिहिता येत नव्हतं, म्हणून एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. 'ही साखळी बसते सोळा फ्रेमवर.' दुसरीवर, 'ही साखळी पाडते कोयरीचा काठ.' तिसरीवर, 'ही साखळी चालते डाव्या लूमवर,' म्हणजे जिचं हँडल डाव्या बाजूला तिच्यावर. एकेका साखळीला सात-सात चिठ्ठ्या. कारागीर हसायचे, "मास्तर, साखळी हाय का तोरण?" हसू देत. माझ्या हातून चुकीची साखळी कधी चढली नाही.

मी घरी बसलो तेव्हा भिवंडीत इंटरनेटचे कॅफे गल्लोगल्ली झाले होते. माझी धाकटी लेक कॉम्प्युटर शिकली होती आणि लूममालकांच्या संघटनेच्या ऑफिसात हंगामी कामाला होती. तिथं छोटी छोटी सॉफ्टवेअर होती. एक सूत किती लागेल ते काढायचं, एक खुंट्यांचा नकाशा छापायचं. वीस-बावीस असतील, थोडी तिनं केलेली, थोडी दुसऱ्यांनी. कोणतं कुणाच्या कामाचं, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. मालकानं आपली लूम कसली ते इंटरनेटवर सांगायचं आणि कॉम्प्युटरनं नेमकं सॉफ्टवेअर काढून द्यायचं, असं ऑफिसनं ठरवलं. तपासायला पुण्याहून एक सर येणार होते. पास झालं तर लेकीची नोकरी कायम, नाहीतर सगळं काम पुण्याच्या माणसांकडे.

ती म्हणाली, "बाबा, याला सिमॅन्टिक वेब म्हणतात. माहिती माणसानं नाही, यंत्रानं वाचायची. अर्थासकट. त्या माहितीला मेटाडेटा म्हणतात."

"म्हंजे चिठ्ठी."

"चिठ्ठी नाही हो, बाबा."

"वाचून दाव, काय लिवलंस."

तिनं वाचलं. हे उपयुक्त सॉफ्टवेअर आहे, वापरायला सोपं आहे, वेळ वाचवतं. मी म्हटलं, "काय गो, स्थळ सांगतेस का? मुलगा निर्व्यसनी हाय, शांत हाय! बसतं कशावर, ते कुठं हाय?"

माळ्यावर जुन्या साखळ्या होत्या. एक खाली काढली आणि तिच्यापुढं ठेवली. तिनं एकेक चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. "कोण, काय करतं, कशाशी. तीन तुकडे. आम्हाला हेच शिकवलंय. तुम्ही कुठं शिकलात?"

"शिकलो असतो तर पान भरून लिवलं असतं."

पुढचे आठ दिवस मी सांगायचो, ती टाइप करायची. हे सॉफ्टवेअर छापतं खुंट्यांचा नकाशा. हे सॉफ्टवेअर मागतं फ्रेमची संख्या. हे सॉफ्टवेअर चालतं डाव्या लूमसाठी. इथं तिचा हात थांबला.

"डावं म्हणजे कुठून बघून?"

"डावं म्हंजे डावं."

"बाबा, कॉम्प्युटरला उभं राहायला जागा नाही. कुठून बघायचं ते लिहावं लागेल."

"तीस वर्षांत कुणी विचारलं न्हाय. तू मला डावा-उजवा शिकवतेस?" मी उठून बाहेर गेलो. त्या दिवशी एक शब्द सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी, तिचं म्हणणं खोटं पाडायला, मी माझ्या जुन्या कारखान्याशेजारच्या कारखान्यात गेलो. तिथला जॉबर बनारसकडचा, माझ्याहून लहान, पूर्वी माझ्याकडून साखळ्या उसन्या न्यायचा. विचारलं, "ये लूम कौन सा है, दायाँ या बायाँ?"

"बायाँ है, चाचा."

माझ्या हिशेबानं ती उजवी होती. मी म्हटलं, "दिमाग ठिकाने पे है?"

तो लूमच्या मागं, सूत गुंडाळलेल्या बीमच्या बाजूला उभा राहिला. "हमारे उस्ताद ने इधर से सिखाया. आप उधर से देखते हो, जहाँ कारीगर खड़ा रहता है. पहले भी आपकी दो साखळी उलटी बैठी थी. आपने सबके सामने मुझे गधा बोला था."

बोललो होतो. माझ्या हातून चुकीची चढली नव्हती, त्याच्या हातून चढली होती. पण चिठ्ठी माझीच. मी त्याला म्हटलं, "ग़लती मेरी थी." जड गेलं, पण म्हटलं. तो म्हणाला, "चाय पियोगे?"

घरी येऊन लेकीला सांगितलं, "लिव. डावं बघायचं कारागिराच्या जागेवरून. दुसरं कुणी मागून बघत असंल तर त्याचं डावं ते आपलं उजवं. हे पण लिव." आदल्या दिवसाचा विषय न काढता तिनं दोन्ही ओळी टाइप केल्या. तेवढी अक्कल तिला आहे.

सर आले त्या दिवशी मी पण ऑफिसात जाऊन बसलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. सरांनी दहा कारखान्यांच्या मागण्या आणल्या होत्या. नऊ वेळा कॉम्प्युटरनं बरोबर सॉफ्टवेअर काढलं, मागून बघणाऱ्याचं सुद्धा. दहावी मागणी अंजूर गावच्या कारखान्याची, खुंट्यांच्या नकाशासाठी. उत्तर आलं, यांच्यासाठी काहीच नाही.

सर म्हणाले, "इथं अडकलं. नकाशाची एवढी सॉफ्टवेअर असून एकही दिलं नाही."

लेकीचा चेहरा उतरला. मग तिनं मागणी पुन्हा वाचली आणि मान वर केली. "सर, यांनी लूम साधी लिहिलीय. डॉबीच नाही. खुंट्या मारणार कशात?"

"पण त्यांनी मागितलंय ना?"

मला राहवलं नाही. "सायेब, मागणाऱ्याला काय, तो काय पण मागंल. न्हाय तिथं न्हाय म्हणतंय, म्हंजे त्याला कळलंय."

सरांनी अंजूरला फोन लावला. मालकानं हसून सांगितलं, डॉबी घ्यायचा विचार आहे, अजून घेतली नाही.

सरांनी फोन ठेवला, कागदावर सही केली आणि लेकीला म्हणाले, "एक तारखेपासून कायम."

तिनं विचारलं, "कायमवाल्यांची ड्युटी किती वाजता?"