खडू देणारे गुरुजी

आमच्या शाळेत पाचवीला शिकवणारे गुरुजी बोलण्याआधी खिशातला चष्मा काढतात आणि न लावताच परत ठेवतात. त्यांच्या वर्गाची एक रीत आहे. शिकवणाऱ्याचं चुकलं, की चूक धरणाऱ्या मुलाला खडू द्यायचा आणि त्याच्या जागी सतरंजीवर बसायचं.

मी या शाळेत शिकवायला नवीन आले तेव्हा मला याचीच धास्ती होती. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. पाचवीची मुलं वर्षभरात तिसापर्यंतचे पाढे पाठ करतात. मला मराठीत एकोणतिसाचा येत नव्हता. नेमका तोच गुरुजींनी मला घ्यायला सांगितला आणि स्वतः शेवटच्या रांगेत मांडी घालून बसूनच राहिले. माझी परीक्षाच बघणार, असं वाटलं.

"एकोणतीस त्रिक... सत्त्याहत्तर."

"न्हाई मॅडम, सत्त्याऐंशी!" मागची एक मुलगी उठलीच. "खडू द्या!"

कान तापले. खडू देऊन मी तिच्या जागी, गुरुजींशेजारी बसले.

चष्मा निघाला, परत खिशात गेला. "या मॅडम," ते जरा सरकले. "मी सकाळपासून हितंच हाय. नकाशात प्रवरा उलटी वाहवली."

मला हसू फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या वर्गात मोकळा श्वास घेतला.

"मागं बोलायचं न्हाई!" फळ्याजवळून मुलगी ओरडली.

गुरुजींनी तोंडावर बोट ठेवलं. मीही ठेवलं.