मामांचा एक्केचाळिसावा फोटो

माझ्या बायकोच्या मामांइतका कमी फोटो काढणारा फोटोग्राफर जगाच्या पाठीवर दुसरा सापडला, तर मी माझा डिजिटल कॅमेरा तापीत सोडून देईन. मामा राहतात धानोऱ्याला, पण जीव सगळा सातपुड्यात. गळ्यात कायम तो जुना रोलचा कॅमेरा, नवरदेवाने उतरवायला विसरलेल्या हारासारखा. छत्तीस फोटोंचा एक रोल त्यांना वर्षभर पुरतो. एकदा धडगावच्या घाटात समोरच्या डोंगरावर हवं तसं ऊन पडेपर्यंत त्यांनी भरलेली जीप थांबवून ठेवली. तेवढ्या वेळात उतारूंनी शेंगा खाल्ल्या, दोन घरांची सोयरीक जुळली आणि लग्नाची तारीखही निघाली, असं मी सगळ्यांना सांगतो. शेंगांपुरतं ते खरं आहे. शेवटी मामांनी कॅमेरा खाली घेतला. म्हणाले, "चाला. आज ऊनना मूड नही शे." नवे रोल गार ठेवावे लागतात, म्हणून मामींचं दही बाहेर आंबत असतं. मामी आल्यागेल्याला सांगतात, "मन्ही सवत फ्रीजमा ऱ्हास."

मी दिवसाला चारशे फोटो काढतो याचं मामांना फार वाईट वाटतं. "जवाईबापू, तुम्ही फोटो काढी नही ऱ्हायनात, पाखरं हाकली ऱ्हायनात," म्हणतात. तेव्हापासून माझ्या कॅमेऱ्याचं नाव गोफण.

गेल्या हिवाळ्यात मोलगीच्या बाजारात आमचूर विकणाऱ्या एका आजीने मामांना फोटो मागितला. मुलगा गुजरातेत ऊसतोडीला. होळीला येणार, दुसऱ्या दिवशी परत जाणार. त्याच्यासोबत फोटो द्यायचा होता. आधार कार्डावर तिचा एक होता, पण त्यात ती चोरी करताना सापडल्यासारखी दिसते, असं तिचंच म्हणणं. मामांनी होळीच्या आत देतो म्हणून शब्द दिला. त्या दिवशी त्यांचा रोल छत्तीसवर संपेचना. सदतीस, अडतीस... एक्केचाळीस. एक्केचाळिसावा आजीचा. मामांनी अख्ख्या धानोऱ्याला ऐकवलं, "रोल त्योच ऱ्हास. हात पाहिजे."

होळीला चार दिवस उरले असताना रोल धुऊन आला. कोरा. फिल्मचं टोक आतल्या चकरीत अडकलंच नव्हतं. मामा नुसताच खटका फिरवत होते. दोन दिवस ते कॅमेरा उघडून ती चकरी फिरवत बसले. तिसऱ्या सकाळी नंदुरबारला माझ्या दारात उभे.

"जवाईबापू, तुम्हनी गोफण ल्या. मोलगी जानं शे."

"आणि तुमचा कॅमेरा?"

"रोल धुई येवामा पंधरा दिन जातस. पोऱ्या परवा निंघी जाई."

मोलगीला होळीचा बाजार भरला होता. मामांनी आजीला सरळ सांगितलं, "मन्ही चूक व्हयनी, बाय. फोटो उनाच नही." आजीने तिच्या बोलीत त्यांना जे सुनावलं, त्याचा अर्थ मी शेजारच्या मिरचीवाल्याला विचारला. त्याने सांगितला नाही. मग गळ्यातली चांदी सारखी करून ती ताठ बसली. मामांनी माझ्या कॅमेऱ्याने भराभर नऊ फोटो काढले आणि पडद्यावर दाखवले. आजीने, मिरचीवाल्याने आणि बाजारातल्या निम्म्या लोकांनी मिळून पाचवा पसंत केला. तो छापून दुसऱ्या दिवशी जीपवाल्याबरोबर पाठवायचं ठरलं.

मी गाडीची किल्ली काढली, तर मामांनी आपला कॅमेरा उघडला. नवा रोल भरला. फिल्म अडकली का ते तीनदा पाहिलं, चौथ्यांदा मला पाहायला लावलं आणि आजीचा एक फोटो काढला.

"तिचा फोटो तर झाला की, मामा."

"तो तिन्हा पोऱ्याना. जीपवाला पोचाडी दी. हाऊ मी सोता लई येसू, रोल सरना का."

"आणि उरलेले पस्तीस?"

"घाई कसानी शे?" मामा कॅमेरा पिशवीत ठेवत म्हणाले. "वरीसले एक."

मामा चौऱ्याहत्तरचे आहेत. आजीचं वय मी विचारलं नाही.