दोन मिलिमीटर डावीकडे

मी क्वालिटीतला माणूस. चाकणच्या कंपनीत बावीस वर्षं लोकांनी बनवलेल्या वस्तूंत खोट काढायची, एवढंच काम केलं. ही सवय काही गेटवर ठेवून घरी येता येत नाही. भाजीवाल्यानं स्वतःहून चांगला टोमॅटो निवडून दिला तरी मी तो उलटा करून बघतो. बायको तेवढा वेळ दुसरीकडे बघत उभी राहते.

तळेगावला तळ्याकाठी रविवारी सकाळी आमचा सायकलवाल्यांचा अड्डा जमतो, तिथे मात्र या सवयीला मान होता. नवी सायकल आली की आम्ही तिचं सूनमुख बघतो. ती चहाच्या टपरीच्या भिंतीला टेकवायची, चेनची बाजू लोकांकडे. मालकानं तोंड बंद ठेवायचं. मग एकेकानं पुढे होऊन ती एका बोटानं उचलायची आणि वजनाचा अंदाज सांगायचा. शेवटी खोट काढायचं काम माझ्याकडे. मी काही तरी काढलं की मगच मालकानं कुठला भाग कुठून जमवला त्याची कथा सुरू करायची. माझ्या सॅकमध्ये बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर असतोच.

माझी स्वतःची सायकल पिंपरीतल्या एका चाचांनी बनवलेली. त्यांचं रोजचं काम शटरं आणि हातगाड्यांना जोड मारायचं, पण तरुणपणी ते सायकलच्या फ्रेमही बनवायचे. पोलादी नळ्या आणि पितळेचे जोड, सगळं हातानं. मी त्यांना म्हटलं, चाचा, माझ्यासाठी एक बनवा, नळ्या हलू नयेत म्हणून धरून ठेवणारा साचा मी देतो. कंपनीत भंगारात निघालेली एक जाड लोखंडी पाटी साहेबांना विचारून घेतली, तिच्यावर पुढचा-मागचा आधार बसवला, स्वतः मोजला आणि आमच्याकडे पास झालेल्या मालावर लावतात तसा हिरवा स्टिकर लावून वर सही ठोकली. ओके. चाचांनी तो साचा दोन्ही हातांनी घेतला.

सायकल झाली गडद हिरवी, देखणी. पहिल्याच संध्याकाळी मोजली तर मागचं चाक बरोबर मध्ये बसत नव्हतं. दोन मिलिमीटर डावीकडे. चालवताना कळायचंही नाही. अड्ड्यावर मी ते स्वतःच सांगायचो, ''हाताचं काम आहे राव, चाचांचं वय झालं, एवढं चालायचंच.'' हे बोलताना मला आपण फार मोठ्या मनाचे आहोत असं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी ती संत तुकाराम नगरातल्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखालून गेली. कुलूप फोडलेलं नव्हतं, नुसतं उघडून साखळीत अडकवून ठेवलेलं. आणि आठच दिवसांपूर्वी सायकल चाचांकडे सर्व्हिसिंगला होती, किल्लीसकट. मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. पोलिसांत मी त्यांचं नाव घेतलं नाही, पण त्यांच्या दुकानाकडे फिरकणं बंद केलं. माझ्यापुरता निकाल लागला होता.

गेल्या हिवाळ्यात अड्ड्यावर एक नवा माणूस आला. निघोज्याचा, एका कारखान्यात कंत्राटावर वेल्डर. अंगात कंपनीचं जॅकेट, पायात सेफ्टी शूज आणि खाली विटकरी रंगाची, हातानं बनवलेली पोलादी फ्रेम. आमच्यातल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. कसं बघितलं ते मला माहीत आहे, कारण मीही तसंच बघत होतो. ही याच्याकडे कुठून?

त्यानं सायकल भिंतीला टेकवली, रीत कुणी तरी सांगितली असावी. सगळ्यांनी बोटानं उचलली. मी मागे वाकलो. चाक मध्ये नव्हतं. व्हर्नियर काढला, दोन्ही बाजूंनी मोजलं, परत मोजलं. दोन मिलिमीटर, डावीकडे.

हातानं बनवलेल्या फ्रेमवर नंबर नसतो. मला त्याची गरजही वाटली नाही. सगळ्यांसमोर मी म्हणालो, ''ही माझी सायकल आहे.''

तो हसला, थट्टा समजला. मग त्यानं सगळ्यांचे चेहरे बघितले.

''न्हाई हो साहेब. पिंपरीच्या चाचांनी बनवून दिलीय. इचारा त्यांना.''

''चाचा काय सांगणार ते माहितीये मला. ते यात नसतील कशावरून?''

''मंजी मी चोर, आन् चाचा बी चोर?''

त्यानं सायकल भिंतीवरून उचलली, माझ्यापुढे आणून माझ्या हातात हँडल दिलं.

''न्या. त्यांच्या दुकानात न्या आन् त्यांच्या तोंडासमोर मोजा. चूक कळली की घरी आणून द्या. आमी कुटं पळून जात न्हाई.'' शाळेजवळचं घर, असा पत्ता सांगून तो हायवेच्या दिशेनं पायी चालायला लागला. सेफ्टी शूज जड असतात. त्याची चाल लांबवर दिसत राहिली.

खरं तर त्याच दिवशी चाचांकडे जायला हवं होतं. मी गेलो नाही. आधी भक्कम पुरावा हवा, असं ठरवून मी ती सायकल चार दिवस गॅलरीत ठेवली. उलटी केली, पेडलच्या कण्याखाली जिथे कुणाची नजर जात नाही तिथला रंग ब्लेडनं खरवडला. खाली हिरवा सापडेल म्हणून. अंगठ्याएवढी जागा उघडी केली, नुसतं पोलाद लागलं. तेव्हा थांबायचं की नाही? मी स्वतःला सांगितलं, चोरानं जुना रंग पार काढला असणार.

पाचव्या दिवशी दुकानात गेलो. चाचा एका गेटच्या बिजागरीला जोड मारत होते. मान वर करून त्यांनी आधी सायकल बघितली, मग मला.

''ही तर निघोज्याच्या पोराची,'' ते म्हणाले. ''तुमच्याकडे कशी?''

त्यांच्या आवाजात जे होतं ते मी चांगलं ओळखतो. रोज मी तेच वापरतो. मी घाईघाईनं सगळं सांगितलं, चोरीबरोबर त्यांच्यावरचा संशयसुद्धा. दोन मिलिमीटरवर आलो तसे ते उठले, आत गेले आणि माझा साचा घेऊन आले. हिरवा स्टिकर काळवंडला होता, सही वाचता येत होती.

''तुमची फ्रेम यावर पहिली. चाक सरकलं, मला वाटलं माझ्या हाताची चूक. मग या पोराची केली, दुसरी. तेवढंच सरकलं, तिकडंच. हात असा मापून चुकत नाही, साहेब.''

साच्याच्या मागच्या आधाराखाली त्यांनी एक पितळी पट्टी बसवली होती. ''तिसरीपासून हे लावलं. आता सरळ येतात.''

मी व्हर्नियर लावला. पट्टी दोन मिलिमीटरची. मग पाटी बघितली आणि समजलं. पुढचा आधार मी पाटीच्या मधल्या रेघेवरून बसवला होता आणि मागचा कडेवरून, आणि ती कड कुणी तरी आधीच घासून कमी केलेली होती. कंपनीत एखाद्या पोरानं असा माल पुढे ढकलला असता तर मी त्याला उभा फाडला असता.

''मला सांगितलं का नाही?''

''सांगणार होतो. तुम्ही यायचंच बंद केलं.'' पाटीवरची धूळ पुसत ते म्हणाले, ''आणि तुम्ही सगळ्यांना सांगत होता ना, चाचांचा हात आहे, चालायचंच. म्हटलं, चालू दे.''

माझ्या जिन्याखालचं कुलूप कुणी उघडलं ते मला आजही माहीत नाही. चाचांनी नव्हे, एवढं तेव्हा कळलं, आणि तेही त्यांच्या कुठल्या पुराव्यावरून नाही. माझ्याकडे त्यांच्याविरुद्ध कधीच काही नव्हतं, एवढंच.

शनिवारी सायकल घेऊन निघोज्याला गेलो. तो दारातच होता. मी माफी मागितली, साच्याचं सगळं सांगितलं. रविवारी अड्ड्यावर सगळ्यांसमोर पुन्हा सांगीन म्हणालो. त्यानं सायकल घेतली आणि माझ्यादेखत तपासायला लागला. दोन्ही टायर दाबले, ब्रेक ओढले, चाकं फिरवली, पंप जागेवर आहे का बघितलं. आमच्याकडे बाहेरून आलेला माल मी उतरवून घेतो, अगदी तसं. मी हात बांधून उभा होतो. मग त्यानं ती उलटी केली आणि त्याचं बोट कण्याखाली थांबलं.

''ह्ये काय?''

''मी खरवडलं.''

''हिरवा घावला का?''

''नाही.''

त्यानं त्या जागेवरून दोनदा अंगठा फिरवला. मी म्हणालो, त्याच रंगाचा डबा आणून मी स्वतः लावून देतो, कळणारसुद्धा नाही.

''नगं,'' तो म्हणाला. ''ऱ्हाऊ द्या. पुन्यांदा कोन माजी म्हनला, तर दाखवाया बरी.''

आणि त्यानं सायकल उचलून घरात नेली.