लायब्रेरियनचा आवाज फार मोठा आहे!

लायब्ररीत पुस्तकांपेक्षा लवकर काही वाढत असेल, तर ते किस्से. नवीन पुस्तक घ्यायचं म्हटलं की कमिटीची मंजुरी लागते. किस्से आपले आपण येऊन बसतात!

आमची लायब्ररी म्हणजे चेन्नईत टी. नगरच्या साड्यांच्या दुकानांमागे, एका छोट्या मराठी मंडळाची एक खोली. शेजारी मंडळाचा हॉल. मी तिथला लायब्रेरियन, बिनपगारी. त्याआधी ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात प्रेस शॉपचा सुपरवायझर होतो. प्रेस शॉप म्हणजे जिथे पत्रे ठोकून गाडीचे दरवाजे निघतात ती जागा. तिथे ओरडून बोललं नाही तर शेजारच्या माणसालाही ऐकू जात नाही. नोकरी सुटली, पण आवाज तेवढाच राहिला.

लायब्रेरियनचं एक चित्र लोकांच्या डोक्यात पक्कं असतं. बारीक, चष्मेवाला, चिडका, आणि मुख्य म्हणजे गप्प. मी यातला कोणीच नाही. या चित्रापायी आमचा शनिवारचा वाचनाचा तास बंद पडायची वेळ आली होती. पण ते शेवटी. रोज घडलेलं लिहून ठेवायची मला सवय आहे, तेव्हा क्रमानेच सांगतो.

*

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मी बाह्या वर करून कपाट सरकवत होतो. पुण्याहून नुकताच आलेला एक आयटीतला मुलगा दारातून डोकावला.

"काका, लायब्रेरियन कुठे भेटतील?"

"मीच."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग नम्रपणे म्हणाला, "नाही, ते पुस्तकांचं काम बघतात ते."

"अरे, मीच बघतो!"

बिचारा दचकून एक पाऊल मागे गेला. "ठीक आहे काका, मी नंतर येतो. ते आले की त्यांना सांगा."

मी सांगितलं.

*

मंडळाच्या वेबसाइटसाठी फोटो काढायला ऋता नावाची मुलगी आली. कॅमेरा रोखला आणि पुन्हा खाली केला.

"काका, चष्मा घाला ना."

"मला नाहीच."

"नाही? मग लायब्रेरियन कसे वाटणार?"

बाकावर कृष्णाजीराव बसले होते. हे आमचे सगळ्यांत जुने सभासद. तंजावरकडचं मराठी घराणं, वय ऐंशीच्या पुढे. ऋताने त्यांचा जाड भिंगांचा चष्मा मागून घेतला आणि माझ्या नाकावर चढवला. मला समोर नुसतं धुकं! डोळे बारीक करून, कपाळाला आठ्या घालून मी कॅमेरा कुठे आहे ते शोधू लागलो.

"परफेक्ट! असेच राहा!"

फोटो वेबसाइटवर गेला. पुढच्या आठवड्यात तीन सभासद न बोलावता आले आणि वर्षभर घरी ठेवलेली पुस्तकं टेबलावर ठेवून, माझ्याकडे न बघता निघून गेले.

मी चष्मा परत दिला, तेव्हा कृष्णाजीराव म्हणाले, "राहूं द्या. तुमच्या रागास तो उपयोगी पडतो."

*

आता या कृष्णाजीरावांची गोष्ट. दर शनिवारी ते एक पुस्तक घेऊन जायचे, पुढच्या शनिवारी परत आणायचे. मी विचारायचो, "कसं होतं?" ते म्हणायचे, "तुम्हीं सांगा पाहूं, कसें आहे?" मला वाटायचं, म्हातारा माझी परीक्षा घेतोय! मीही हट्टाला पेटलो. त्यांना द्यायचं पुस्तक आधी चाळून ठेवू लागलो.

असं बरेच महिने चाललं. एकदा मी चुकून त्यांना जाड बांधणीचा मोठा शब्दकोश दिला, तोही त्यांनी आठवडाभर ठेवून परत आणला. तेव्हा मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

"राव, हे वाचलंत?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "अस्कें शिक्षण तमिळांत झालें. घरांत मराठी बोललों, पण ही लिपी कोणीं शिकविलीच नाहीं."

'अस्कें' म्हणजे सगळं. तंजावरकडचा शब्द.

"मग पुस्तक नेता कशाला?"

"सून तमिळ बोलते, नातू इंग्लिश. टेबलावर मराठी पुस्तक असलें की मज मराठींत बोलावयास धीर येतो. कोणीं उत्तर न दिलें तरी."

पुढच्या शनिवारी मी एक रहस्यकथा काढली. मुखपृष्ठ गेलेलं, पहिली चार पानं गेलेली. कृष्णाजीरावांच्या समोर बसलो आणि मोठ्याने वाचायला लागलो. हळू वाचणं मला जमत नाहीच. त्या दिवशी तंबरमहून दोन मुलांना घेऊन आलेली एक आई दारात थांबली. मुलं घरी मराठी बोलणारी, पण मराठी अक्षर एकही येत नाही. ती आई मुलांना घेऊन राव बसले होते त्याच बाकावर बसली.

महिनाभरात बाक पुरेना. असा आमचा शनिवारचा तास सुरू झाला. मी तेव्हाच ठरवलं, हा तास काही झालं तरी चुकवायचा नाही. ताप आला तरी नाही. बायको म्हणाली, "कारखान्यात इतकी हजेरी लावली असतीत तर मॅनेजर झाला असतात!"

*

लायब्रेरियनबद्दलचा दुसरा समज म्हणजे त्याने सगळी पुस्तकं वाचलेली असतात.

एक ताई पहिल्यांदाच आल्या. कपाटांवरून नजर फिरवून म्हणाल्या, "ही सगळी तुम्ही वाचलीत ना?"

"नाही हो."

"मग चांगलं कुठलं ते तुम्हाला कळणार कसं?"

मी खरं ते सांगितलं. "परत करताना कोणाच्या चेहऱ्यावर हसू आहे ते बघतो. तेच पुस्तक पुढच्याला देतो."

ताईंना ते पटलं नसावं. दोन आठवड्यांनी पुस्तक परत आणलं, तेव्हा त्यांनी तोंड असं पाडलं होतं की मी घाबरून विचारलं, "वाईट निघालं का?"

"छे! फार सुंदर आहे. पण हसले असते तर तुम्ही लगेच दुसऱ्याला दिलं असतंत. मला अजून एकदा न्यायचंय!"

*

तिसरा समज, लायब्रेरियनला सगळं विचारावं. माझ्या फोनवर पुस्तकांची चौकशी सोडून बाकी सगळ्या चौकश्या येतात. खऱ्या सिल्कची साडी कशी ओळखायची? भाड्याच्या घराला दहा महिन्यांचा ॲडव्हान्स मागतायत, कमी होईल का? पुरणपोळीची डाळ इथे कुठल्या नावाने मागायची?

एकदा त्या पहिल्या आयटीतल्या मुलाचाच फोन आला, निनाद त्याचं नाव. एव्हाना त्याने मला लायब्रेरियन म्हणून मान्य केलं होतं.

"काका, ऑटोवाला वाट्टेल ते मागतोय. मला तमिळ येत नाही. तुम्ही बोला ना!"

"दे त्याला फोन."

मी प्रेस शॉपच्या तमिळमध्ये, प्रेस शॉपच्या आवाजात एवढंच विचारलं की अण्णा, कुठून कुठे चाललाय?

 पलीकडून घाईघाईने आवाज आला, "मीटर पोडरेन सार! मीटर पोडरेन!" म्हणजे मीटर टाकतो साहेब, मीटर टाकतो.

निनाद उतरताना ड्रायव्हरने त्याला मोडक्या इंग्लिशमध्ये हळूच विचारलं, "सार कुठल्या स्टेशनला इन्स्पेक्टर?"

निनाद म्हणाला, "लायब्रेरियन आहेत."

ड्रायव्हर म्हणे बराच वेळ हसत होता. "तुम्हाला सांगायचं नसेल तर राहू दे सार!"

*

मग आमचे नवे सेक्रेटरी आले. केदार. मोठ्या कंपनीत मॅनेजर, वागायला अगदी सज्जन, पण लायब्ररीचं ते चित्र त्यांच्याही डोक्यात फ्रेम करून लावलेलं. शेजारच्या हॉलमध्ये शनिवारी काही मुलं लॅपटॉप घेऊन काम करत बसायची. त्यांनी तक्रार केली.

"काका, कम्प्लेंट आहे. लायब्रेरियनचा आवाज फार मोठा आहे म्हणून."

"आहेच."

"लायब्ररी म्हणजे शांतता असते हो. जगात कुठेही जा."

"नुसती शांतता हवी असेल तर मला कशाला ठेवता? दाराला कुलूप लावा. तेही बोलत नाही."

ते हसले, पण हटले नाहीत. "वाचून दाखवणं बंद करू. ज्याला वाचायचंय तो पुस्तक घरी नेईल ना!"

"जे नेऊन वाचू शकत नाहीत त्यांचं काय?"

"असे किती असणार, काका?"

रावांचं गुपित मी कसं सांगणार? ते त्यांनी माझ्याजवळ बोललेलं. मी एवढंच म्हटलं, "शनिवारी स्वतः येऊन बसा. मग बंद करा."

"ठीक आहे," ते म्हणाले. "येतो. पण त्या दिवशी फायनल करून टाकू."

मी ठरवलं, गोष्ट अशी वाचायची की हा माणूस खुर्चीतून उठता कामा नये. रहस्यकथेत आम्ही मोक्याच्या जागी येऊन थांबलो होतो. एका बंद वाड्याच्या माडीवर रोज दिवा दिसतो, किल्ली तर इन्स्पेक्टरच्या खिशात, मग दिवा लावतं कोण? घरी आरशासमोर उभं राहून मी त्या प्रकरणाची तालीम केली. बायकोने कानात कापूस घातला.

*

आणि तो शनिवार नेमका सरस्वतीपूजेचा निघाला!

आपल्याकडच्या लोकांना कदाचित ठाऊक नसेल. इथे त्या दिवशी पुस्तकं देवीपुढे ठेवतात आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत कोणी उघडत नाही. वाचायचं नाही म्हणजे नाही. कृष्णाजीरावांनीच सकाळी येऊन पूजा मांडली होती. दाराला केळीची पानं, कपाटांना गंध-कुंकू, आणि देवीच्या तसबिरीसमोर रेशमी वस्त्राखाली पुस्तकांची चवड. सगळ्यांत वर आमची रहस्यकथा!

तंबरमची मुलं नाचत होती. "अभ्यास करायचाच नाही असा सण? काय भारी!"

मी मात्र कपाळाला हात लावला. "राव, तेवढं एक पुस्तक बाहेर ठेवता आलं असतं."

"छे छे. आज पुस्तक उघडूं नये."

तेवढ्यात केदार आले. हेल्मेट हातात, घाईत. दारातच थांबून त्यांनी खोलीकडे पाहिलं. सगळे गप्प बसलेले. उदबत्तीचा वास. मीसुद्धा गप्प.

"वा!" ते म्हणाले. "काका, हीच तर लायब्ररी! बघा, किती छान वाटतं. वाचन नाही का आज?"

"आज पुस्तक उघडत नाहीत," मी म्हटलं.

"मग आपला प्रश्नच मिटला की! आजपासून हे असंच ठेवू."

मी तोंड उघडणार, इतक्यात बाकावरून खाकरल्याचा आवाज आला.

"पुस्तक उघडूं नये असें आहे," कृष्णाजीराव म्हणाले. "तोंड उघडूं नये असें कोणीं सांगितलें?"

आणि मुलांकडे वळून त्यांनी सुरुवात केली. "तर तो इन्स्पेक्टर बैलगाडींत बसोन वाड्यापाशीं आला."

"आजोबा, जीप होती!" तंबरमची धाकटी ओरडली.

"माझ्या गोष्टींत पेट्रोल मिळत नाहीं. बैलगाडी. पुढें कावेरीचें पाणी वाढलेलें."

पुस्तकात कावेरी नव्हती. वाडा कोकणातला होता.  तरी रावांनी बैल पाण्यात घातले, गाडी कलती केली, इन्स्पेक्टरची टोपी वाहून नेली. बैलांना हाकताना त्यांचा आवाज असा चढला की माझा आवाज त्यापुढे काहीच नाही! हॉलमधली लॅपटॉपवाली मुलं एकेक करून दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, आली तक्रार. त्यातल्या एकाने खाली बसायला जागा मागितली.

केदारांचा फोन वाजला. त्यांनी तो न बघता बंद केला. केव्हातरी ते खुर्चीच्या कडेवर टेकले होते, हेल्मेट मांडीवर घेऊन.

इन्स्पेक्टर माडीचा जिना चढला. एकेक पायरी करकरली. फटीतून उजेड दिसत होता. त्याने खिशातली किल्ली काढली, कुलूप उघडलं, दार ढकललं.

"आंत," कृष्णाजीराव म्हणाले, "दिव्यासमोर पाठ करोन एक जण बसला होता. त्यानें हळूच मान वळविली."

आणि ते थांबले. पाणी प्यायले. पूजेच्या प्रसादाचे उकडलेले हरभरे द्रोणात घेऊन एकेक तोंडात टाकू लागले.

खोलीत कोणी हलेना.

"कोण?" केदार म्हणाले. "कोण होतं आत?"

कृष्णाजीरावांनी शेवटचा हरभरा सावकाश चावला, द्रोण बाजूला ठेवला आणि काठी घेऊन उठले.

"सेक्रेटरी, तें पुढल्या शनवारीं."