वाचताना बोट कुठे ठेवायचं

मी आठवीत होते तेव्हा आमच्या घरात वाचता येणारी मी एकटी होते. वडील खाणीवर दगड फोडायचे. आई द्राक्षबागांत मजुरीला जायची. सकाळी जीप कॉलनीच्या तोंडाशी यायची, बायका एकमेकींना रेटून बसायच्या आणि दिवेलागणीला परत यायच्या. घरात येणारा प्रत्येक कागद माझ्या हातात पडायचा. नव्वद सालच्या आसपास दवाखान्यातून वडिलांच्या छातीच्या फोटोचा कागद आला. तो इंग्रजीत होता. मला अक्षरं लागत होती, अर्थ लागत नव्हता. शेजारी विचारायची लाज वाटली. शिकलेली पोरगी म्हणून माझा रुबाब होता ना. मी सांगून टाकलं, "सगळं बरं आहे असं लिहिलंय."

त्या कागदात त्यांना आठ दिवसांनी परत बोलावलं होतं. ते आम्हाला फार उशिरा कळलं. पुढच्या वर्षी वडील गेले. वेळेवर नेलं असतं तर वाचले असते असं मी म्हणत नाही, खाणीतली धूळ कुणाला सोडत नाही. पण तो कागद माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

मला कधी काही बोलली नाही आई. वडिलांचा जलदानविधी झाल्यावर एवढंच म्हणाली, "मला शिकव. मला माझं वाचता आलं पायजे."

मी शिकवलं. चांगली मास्तरीण नव्हते मी, चिडायचे. पहिलीचं पुस्तक घेऊन बसायचो. ती ओळ सोडून भलतीकडे जायची, म्हणून मी तिचं बोट धरून अक्षराखाली टेकवायचे. "बोट सोडायचं नाही." बागेतल्या कामाने भेगाळलेलं ते बोट कागदावर खरखर वाजायचं. दोन वर्षं लागली. मग मात्र तिने दुकानाच्या पाट्या, एस.टी.चे बोर्ड, पुडीचे कागद, काही सोडलं नाही.

आमच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि वाचणाऱ्यांच्या पाळ्या लावलेल्या असतात. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना आईला पहिल्यांदा वाचनाची चार दिवसांची पाळी मिळाली. आमच्या सगळ्या नात्यात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली, माझे पेढे तिने घरोघर नेऊन दिले. पण कॉलनीतले लोक मला थांबवून सांगायचे ते तिच्या वाचनाचं. ती सावकाश वाचायची, बोट ओळीखालून सरकवत. दरवर्षी चार दिवस. दहा-अकरा वर्षं तिच्या वाचनात कधी खंड पडला नाही.

मग साखर निघाली आणि ती डोळ्यांवर उतरली. डॉक्टर म्हणाले, पडदाच खराब झालाय, चष्म्याचा नंबर वाढवून भागणार नाही. अक्षर खूप मोठं असेल तर वाचतील, तेही आणखी किती दिवस सांगता येत नाही. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. त्याच्या महिनाभर आधी विहाराच्या कमिटीतले एक काका घरी आले.

"बाई, यंदा डोळ्यांना आराम द्या. तुमचे चार दिवस आमची सून वाचेल. बी.एड. झालीय ती."

"चहा घ्या," आई म्हणाली. काकांनी चहा घेतला. जाताना त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पौर्णिमेला सांगते."

तेव्हा मी सरकारी ऑफिसात कारकून होते. आमच्या ऑफिसातल्या एका वरिष्ठ बाईंचा मुलगा अमेरिकेहून पुस्तकं वाचायचं यंत्र घेऊन आला होता. काचेला बोट लावलं की पान उलटायचं. त्या वेळी नाशकात तसलं काही मी पाहिलेलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "शोकेसमध्ये ठेवलंय मी, पाहुण्यांना दाखवायला. तू ने. तुझी आई तरी वाचेल."

ग्रंथ आईच्या हाताला जड जायचा, हे वहीपेक्षा हलकं. कॉम्प्युटरसारखा उजेड डोळ्यात जात नव्हता, अक्षरं छापल्यासारखी दिसत, आणि हवी तेवढी मोठी व्हायची. पण मराठी टाकलं की नुसते चौकोन. शेवटी पाच वाजल्यानंतर ऑफिसात बसून तिच्या चार दिवसांचा भाग मी स्वतः टाइप केला. काचेच्या मापाचं पान, त्यावर सहा ओळी, ओळीत चार शब्द. सगळं फाँटसकट पीडीएफमध्ये बसवलं आणि मराठी उमटलं. मराठी टायपिंगची परीक्षा मी उगाच पास झाले नव्हते. चार्जिंग कॉम्प्युटरला जोडूनच व्हायचं आणि घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून यंत्र डब्याबरोबर रोज ऑफिसात यायचं.

पहिल्यांदा आईच्या हातात दिलं तेव्हा पान उलटताना काच क्षणभर पूर्ण काळी झाली. "अंधारी आली गं. गेला वाटतं डोळा."

"डोळा नाही, ते यंत्रच तसं करतं."

तिने श्वास सोडला आणि पुन्हा वाचायला घेतलं. थोड्या वेळाने थांबली. "हे मघाशीच वाचलं मी. सारखं तेच तेच येतंय. का माझंच डोकं फिरलंय?"

मी जवळ जाऊन पाहिलं. ती नेहमीसारखं ओळीखालून बोट सरकवत होती, आणि काचेवर बोट सरकलं की यंत्र पान मागे नेत होतं.

"आई, बोट काढ."

"काढलं तर मी कुठं हाय ते कसं कळंल?"

"माझ्यासारखं नुसत्या डोळ्यांनी वाच."

"मग तुझ्यासारखे डोळे दे."

दिवसभर ऑफिस आणि वरून ते टायपिंग, मी शिणले होते. तोंडातून निघून गेलं, "बोट ठेवून वाचतेस म्हणून लोक हसतात. मलाही लाज वाटायची."

आई यंत्र पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, "ठाऊक हाय. विहारात खांबामागं बसायचीस तू."

मला वाटलं होतं तिने कधी पाहिलं नसेल. बोट ठेवायला लावणारी मी, आणि लाजणारीही मीच. तेवढं तरी कबूल करायला हवं होतं, पण मी उठून भांडी घासायला गेले. पदवी असली म्हणून माफी मागता येतेच असं नाही. दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. पौर्णिमा जवळ आली होती.

तिसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर आई दारात उजेडाला बसलेली. यंत्र डाव्या हातात आणि अंगठा काचेच्या बाजूच्या चौकटीवर. एक ओळ वाचून झाली की अंगठा एका ओळीने खाली. पान संपलं की उजव्या हाताने खालचं बटण.

"ह्या कडंला हात लावला तर गप राहतंय ते," ती म्हणाली. "काचेलाच तेवढं झोंबतंय."

मी म्हणाले, "आई, मी परवा बोलले ते..."

"ऐक आधी. ह्या पानावर तू एक शब्द खाल्लास." आणि खरंच खाल्ला होता.

पौर्णिमेला तिने काकांना सांगितलं, माझे चार दिवस मीच वाचीन. वाचायला बसली तर विहारातली ट्यूबलाइट काचेवर चमकत होती आणि अक्षर दिसेना, तेव्हा ती उजेडाकडे पाठ करून, लोकांना तिरकी बसली. काकांना राहवलं नाही. "बाई, मोबाईलवरचे मेसेज वाचताय का काय?"

"तुम्हाला ऐकू येतंय ना? मग ऐका."

पहिल्या दिवशी एकदा अंगठा घसरला आणि पान मागे गेलं. ती थांबली, पुन्हा पुढे आली, कुणाला काही न सांगता वाचत राहिली. नंतरचे तीन दिवस तसं झालं नाही.

पुढच्या वर्षी अक्षर कितीही मोठं केलं तरी तिला मधला भाग काळाच दिसायचा. यंत्र मी बाईंना परत दिलं. पाळी काकांच्या सुनेकडे गेली, ती चांगली वाचते.

पण यंत्र होतं त्या वर्षी माझ्या आईने आपली पाळी सोडली नाही. चारही दिवस तिने स्वतः वाचलं.