पदराला लावलेला माईक

आमच्या नळदुर्गात लग्न ठरलं की पहिला निरोप लग्न लावणाऱ्या स्वामींना जायचा आणि दुसरा हाजरामावशींना. मंडपवाला, आचारी आणि मी, म्हणजे व्हिडिओवाला श्रीशैल, आमचा नंबर त्यानंतर. हाजराबी मणियार बांगड्या भरायच्या. सासूकडून आलेली लाकडी पेटी घेऊन चाळीस वर्षं त्या गावातल्या घराघरांत गेल्या. माप म्हणून त्यांनी कधी घेतलं नाही. पोरीचा हात हातात घ्यायचा, अंगठ्याखालचं हाड जरा दाबायचं आणि ‘सव्वादोन’ म्हणून मोकळं व्हायचं. नवरी घाबरून हात आखडायला लागली की ओरडायच्या, “सैल सोड गं! मुठी वळूनच नांदाया जाणार हैस व्हय?” बायका हसायच्या, नवरीही हसायची, आणि तेवढ्यात बांगडी मनगटात गेलेली असायची.

शेवटची एक बांगडी त्या स्वतःकडून भरायच्या. मग नवरी त्यांच्या पाया पडायची. गळ्यात लिंग असलेली आमची लिंगायताची पोर मणियारणीच्या पाया पडते, यात गावात कुणालाच कधी नवल वाटलं नव्हतं. मला वाटलं, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

दोन-तीन वर्षांपूर्वी लोकांच्या मोबाईलवर एकेक यायला लागलं. यांच्याकडून फळं घेऊ नका, त्यांच्या दुकानाची पायरी चढू नका. ज्यांच्या ओसरीवर बसून मावशींनी चहा प्यायला होता, तीच माणसं ते पुढे पाठवायची. माझं डोकं फिरलं. मी तापट आहे, आणि तापट माणसाच्या हातात कॅमेरा असला की त्याला आपण मोठं काहीतरी करू शकतो असं वाटायला लागतं. मी मावशींवर माहितीपट काढायचं ठरवलं. त्यांचे हात दाखवायचे, पाया पडणारी नवरी दाखवायची. माणसं बघतील, ओशाळतील, गप्प बसतील. लग्नात रडणारी आई दाखवली की सगळं घर रडतं, हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं. तसंच हेही होईल, असा माझा हिशेब.

महांतप्पांच्या मुलीचा चुडा भरायचा होता तेव्हा शूटिंग केलं. लग्नाच्या व्हिडिओत आम्ही खरा आवाज कधी ठेवत नाही. वरून गाणं टाकतो, काम संपलं. पण माहितीपटात सगळं खरं पाहिजे, म्हणून नवरदेवाला लावतो तो बारीक माईक मी मावशींच्या पदराला लावला.

“ह्ये कशाला रे?” त्यांनी विचारलं.

“तुमचा आवाज यायला, मावशी.”

“आवाजाचं काय करतोस? हात दाखव की माझे.”

तेव्हाच ऐकायला पाहिजे होतं.

घरी येऊन हेडफोन लावला आणि मी ताठ झालो. पहिली बांगडी चढवताना मावशी अगदी पुटपुटल्यासारखं ‘बिस्मिल्ला’ म्हणत होत्या. बायकांच्या गलक्यात चाळीस वर्षं ते कुणाला ऐकू गेलं नव्हतं. माझ्या शिवकांतावहिनींच्या हातात लग्नाची पहिली बांगडी चढली ती याच शब्दावर. आमच्या शुभांगीच्या, म्हणजे वहिनींच्या लेकीच्या, बारशाला काळ्या बांगड्या घातल्या त्याही याच शब्दावर. मी एकटाच रडलो. मग गलका कमी केला आणि तो शब्द मोठा केला. मावशींना विचारलं नाही. चांगल्या गोष्टीला काय विचारायचं?

सोलापुरात एका कॉलेजात दाखवला तेव्हा टाळ्या थांबेनात. पाहुण्यांनी डोळे पुसले. मी फुगलो आणि नळदुर्गातल्या मंगल कार्यालयात पडदा बांधला. मावशी नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या. सगळ्या ओळखीच्या बायका मागे. हात दिसले, बायका हसल्या, एकमेकींना कोपरानं ढोसत राहिल्या. मग पहिली बांगडी चढली आणि कार्यालयाच्या दोन मोठ्या कर्ण्यांतून तो शब्द घुमला.

मावशी पोरीसारख्या हसल्या. “अगं बया, ऐकू येतंय की!” म्हणून त्या मागे वळल्या. मागे कुणीच हसत नव्हतं.

चार दिवसांनी तेवढाच तुकडा गावभर फिरला. एकोणीस सेकंदांचा. खाली लिहिलेलं, ‘आपल्या लेकींच्या हातावर हा कसला मंत्र?’ कुणी कापला ते आजवर कळलं नाही. काम मात्र सफाईदार होतं, माझ्यापेक्षाही. मी त्या शब्दाचा अर्थ सांगणारा व्हिडिओ टाकला. देवाच्या नावानं सुरुवात, एवढाच अर्थ आहे, असं हात जोडून सांगितलं. तो सदतीस जणांनी बघितला.

कुणी मावशींशी भांडलं नाही. कुणी दगड मारला नाही. त्या उन्हाळ्यात त्यांना लग्नाचा निरोप आला नाही, एवढंच. रस्त्यात भेटल्यावर बायका ‘बऱ्या हायसा का’ विचारायच्या आणि भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घ्यायच्या.

मावशी मात्र शुभांगीच्या लग्नाची वाट बघत होत्या. गावानं नाही बोलावलं तरी गुरुलिंगअण्णांच्या, माझ्या थोरल्या भावाच्या, घरून निरोप येणारच, असं त्या धरून चालल्या होत्या. साखरपुडा झाला तेव्हाच त्यांनी हिरवा चुडा आणून कागदात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवला होता. लग्नाला आठ दिवस राहिले तरी निरोप नाही, तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“श्रीशैल, तुझ्या वहिनीला सांग,” त्या म्हणाल्या, “म्या न्हाय म्हणत त्ये आता. तोंड मिटून भरते. पायजे तर तोंडावर पदर बांधते. पण पोरीचा चुडा मला भरू दे.”

हा निरोप घेऊन मी घरी गेलो. वहिनी स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. त्यांच्या हातातल्या बांगड्यासुद्धा गेल्या संक्रांतीला मावशींनीच भरलेल्या.

“भाऊजी, मावशी काय हायेत त्ये मला सांगायला पायजे का?” वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. “पण उमरग्याच्या नव्या सोयऱ्यांनी बघितलंय त्ये. विचारलं त्यांनी, तुमच्यात तीच येती का म्हणून.”

“एक शब्द बोलणार नाहीत त्या. तोंड मिटून भरते म्हणाल्या.”

वहिनींनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. भाकरी उलटून झाल्यावर म्हणाल्या,

“मनात म्हणल्या तर कुणाला कळणार हाय?”

वहिनी वाईट नाहीत. मला त्यांचा राग आला असता तर मी भांडलो असतो, ताट फेकलं असतं. पण त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि त्यावर दाखवता येईल असं माझ्याकडे काहीच नव्हतं. मनातलं दाखवणारा कॅमेरा कुठून आणणार?

शुभांगीच्या लग्नाच्या शूटिंगला नाही म्हणायला पाहिजे होतं. म्हटलं नाही. अण्णांसमोर माझा तापटपणा कुठं जातो कोण जाणे. सोलापूरच्या दुकानातून आणलेल्या बांगड्या शुभांगीनं स्वतःच चढवल्या. दोन वाढवल्या, काच लागून मनगट खरचटलं. शेवटची बांगडी गेल्यावर ती सवयीनं खाली वाकली. समोर पाया पडण्यासारखं कुणी नव्हतं. मग ती तशीच वळून देवघराकडे गेली. मी तेवढं कापलं आणि वरून गाणं टाकलं.

परवा ईदला मावशींकडे गेलो. मी येईन असं त्यांना वाटलं नसावं, पण शीरखुर्म्याची वाटी पुढे केली. माझ्याबद्दल त्यांच्या मनात काय आहे ते त्यांनी दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या नातीला बांगड्या भरत होत्या. पेटी उघडी होती. तळाशी कागदात गुंडाळलेला चुडा तसाच पडलेला. सात वर्षांची मुबीना हात पुढे करून बसलेली, आणि घरात दुसरं माणूस नाही. मावशींनी तिच्या अंगठ्याखालचं हाड दाबलं, पेटीतून बांगडी उचलली.

“दादी, बिस्मिल्ला म्हन की,” मुबीना म्हणाली.

मावशींनी आधी माझ्या हातांकडे बघितलं. हात रिकामे होते, ना कॅमेरा ना माईक; मी ते उलटे करून दाखवले. त्यांनी नाही अशी मान हलवली, ओठ घट्ट मिटले आणि नातीच्या हातात पहिली बांगडी चढवली.